टोपणनावांच्या भेटी

केशवसुतांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ ज्यांच्या नावाने सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, त्या कृष्णाजी केशव दामले यांचा चेहरा आपण पाहिलेला नाही. कधीमधी एखाद्या पुस्तकात जे चित्र दिसते ते चित्रकाराच्या कल्पनेतले. १९०५ साली हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला तेव्हा वयाची चाळिशीही उलटली नव्हती आणि नावावर एकही संग्रह नव्हता. हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता ग्रंथरूपाने आणली ती त्यांच्या मागे. म्हणजे हयातीत त्यांचा वाचक त्यांना ओळखत होता तो मासिकातल्या ओळींवरून आणि ओळींखालच्या टोपणनावावरून, एवढ्यावरच.

ही स्थिती एकट्या केशवसुतांची नव्हती. १८८५ ते १९२० या काळातल्या मराठी कवितेची अनुक्रमणिका डोळ्यांपुढे आणली तर टोपणनावांची एक सभाच भरल्यासारखी वाटते. काशीनाथ हरि मोडक हे ‘माधवानुज’, राम गणेश गडकरी हे ‘गोविंदाग्रज’, दत्तात्रय कोंडो घाटे हे ‘दत्त’, नारायण मुरलीधर गुप्ते हे नुसते ‘बी’. या नावांची घडण पाहण्यासारखी आहे. कोणी केशवाचा सुत, कोणी माधवाचा अनुज, कोणी गोविंदाचा अग्रज. माणूस स्वतःला झाकतो, पण झाकताना बापाचे किंवा भावाचे नाव पुढे करतो. इंग्रजी कवितेच्या वाचनातून व्यक्तिवाद आला, आत्मलेखन आले, असे आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. त्या आत्मलेखनाखालची सही मात्र एकत्र कुटुंबातलीच राहिली. यावर कोणीतरी एकदा सावकाश लिहायला हवे.

या टोपणनावांना एकत्र आणणारी जागा म्हणजे मासिके. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, तेही पुण्या-मुंबईबाहेरून, आणि ते जवळजवळ अर्धशतक टिकले. हरिभाऊंचे ‘करमणूक’ १८९० चे, का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ १८९५ चे. कोकणातला शाळामास्तर, वऱ्हाडातला कारकून, खानदेशातला विद्यार्थी आणि नगरचा ख्रिस्ती उपदेशक हे एकमेकांना या पानांवर भेटत. एकाच्या कवितेला दुसऱ्याने कवितेतच उत्तर द्यावे, तिसऱ्याने त्यावर पत्र लिहावे, असा तो व्यवहार. अनेक वर्षे एकमेकांचे वृत्त, लकबी, आवडती फुले आणि आवडते शब्द ठाऊक असलेली ही माणसे रस्त्यात समोरासमोर आली असती तर एकमेकांना ओळखू शकली नसती.

मग ती भेटली तेव्हा काय झाले? वाङ्मयेतिहासात आपण कालखंड लिहितो, प्रवृत्ती लिहितो, प्रभाव लिहितो. भेटी लिहीत नाही. त्या चरित्रकारांसाठी आणि आठवणी लिहिणाऱ्यांसाठी सोडून देतो. माझे म्हणणे असे आहे, की निदान १९०७ ते १९२७ या वीस वर्षांपुरते तरी मराठी कवितेत जे बदलले त्याचा एक मोठा वाटा भेटींचा आहे. त्यातही सभेपेक्षा चहाचा आणि अध्यक्षीय भाषणापेक्षा मुक्कामाचा.

सभा तशी आधीपासून होती. ११ मे १८७८ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा भरली. पुढच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनांची गणती आपण तेथून करतो. दुसरी सभा १८८५ मध्ये, पुण्यातच. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले आणि त्यांनी रानडे यांना नकाराचे पत्र पाठवले, ही गोष्ट आता प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पत्राचा आशय थोडक्यात असा, की जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत आणि आपल्या वागणुकीवरून पुढेही करतील असे दिसत नाही, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. हे पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त छापून आले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू झाला तो अहमदनगरला, अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यातून. पुण्याच्या सभेला दिलेला नकार छापायला जागा मिळाली ती नगरात जन्मलेल्या पत्रात, हा योगायोग लक्षात ठेवावा. नगर आपल्याला पुन्हा लागणार आहे.

फुल्यांचे पत्र आपण बहुधा जातिविचाराच्या प्रकरणात वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण ते भेटीच्या इतिहासातलेही पहिले महत्त्वाचे कागदपत्र आहे. एकत्र बसण्याला आधी काहीतरी मान्य असावे लागते, नाहीतर एकत्र बसणे हे नुसते देखाव्याचे होते, हे त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. लेखकांच्या मेळाव्यांविषयी आजवर जे पुष्कळ गोड लिहिले गेले, त्यात हा प्रश्न क्वचितच आला.

आता नगरकडे वळू. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे परतल्या आणि पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक नगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात शिकवीत. त्यांचे घर म्हणजे कवींचा, विद्यार्थ्यांचा, अनाथ मुलांचा आणि वाटेत भेटलेल्या कोणाचाही मुक्काम. त्या घराची हकिकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिली आहे. १९३४ पासून ते पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठीतल्या गद्याची चर्चा त्याला वगळून करता आलेली नाही. टिळकांचा भोळा उदारपणा, हातातले देऊन टाकण्याची सवय, न कळवता पाहुणा घेऊन येणे आणि त्या प्रत्येक गोष्टीचा स्वयंपाकघरात लागणारा हिशेब, हे सारे तिथे आहे. कवीने कवीला घरी आणले की ते साहित्यिक स्नेहाचे उदाहरण होते. त्या कवीला रात्री भाकरी कोणी घातली, हे विचारणारे पुस्तक मात्र आपल्याकडे हे एकच म्हणावे लागेल. बरे, भाकरी घालणारी बाई स्वतः कवी होती. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनीच, आणि टिळकांनी लिहिले त्याच्या कितीतरी पट अधिक लिहून.

टिळकांच्या या लळ्याला एक पूर्वकथाही आहे. तरुणपणी नागपुरात टिळक आणि कृष्णाजी दामले यांचा परिचय झाला होता. तेव्हा एक ‘रेव्हरंड’ नव्हता आणि दुसरा ‘केशवसुत’ नव्हता. छापील नावे जन्मण्यापूर्वी माणसे भेटली, अशी या काळातली ही एक दुर्मीळ भेट. इतरांच्या बाबतीत क्रम उलटा होता. आधी नाव, मग माणूस.

तो क्रम उलटा असण्याचे सर्वांत ठळक दृश्य १९०७ साली जळगावात दिसले. ‘काव्यरत्नावली’च्या गावी महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, लष्करी वैद्यकीय सेवेतले अधिकारी आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा जो मोठा ग्रंथ बी. डी. बसू यांच्यासह त्यांच्या नावावर आहे, तो अभ्यासक आजही चाळतात. या संमेलनात धरणगावचा एक मुलगा उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९० चा, म्हणजे सतरा वर्षांचा किंवा त्याच्या आतबाहेर. त्याने कविता म्हटली, सभा थक्क झाली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. फुलांचा, झऱ्यांचा आणि पाखरांचा कवी म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याला नाव दिले एका वनस्पतिशास्त्रज्ञाने, हे मला नेहमीच मौजेचे वाटत आले आहे.

पण मौजेपलीकडे यात एक बदल आहे. आतापर्यंतची टोपणनावे कवीने स्वतः घेतलेली होती, आणि ती घेतलेली होती झाकण्यासाठी. ‘बालकवी’ हे नाव सभेने दिले, आणि ते चेहरा पाहून दिले. मासिकात वाचताना ठोंबऱ्यांचे वय दिसले नसते. दिसले ते व्यासपीठावर. पुढे आयुष्यभर, आणि ते आयुष्य फार नव्हते, हे नाव त्यांच्या कवितेच्या वाचनावर बसले. त्यांच्या कवितेतली उदासी, ‘औदुंबर’मधली ती काळी डोहाजवळची शांतता, यांच्याकडे समीक्षेचे लक्ष जायला वेळ लागला. त्याला ‘बाल’ या दोन अक्षरांची थोडी जबाबदारी आहे. सभेने केलेले कौतुक खरे होते, तरी त्याची किंमत कवितेने मोजली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

जळगावात जुळलेला स्नेह नगरच्या टिळकांच्या घरापर्यंत आला. ठोंबरे तेथे राहिले, मिशनच्या शाळेत मास्तर झाले, लक्ष्मीबाईंच्या रागालोभाचे धनी झाले. ‘स्मृतिचित्रे’तले ठोंबरे आणि समीक्षाग्रंथांतले बालकवी शेजारी ठेवून वाचावेत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सुचवतो. पहिला हट्टी, रुसणारा, घरातल्या मुलांत मिसळणारा, खाण्यापिण्यात मन असलेला पोरगा आहे. दुसरा निसर्गाशी तादात्म्य पावलेला दिव्य जीव आहे. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याला नाकारले नाही. त्यांनी फक्त पहिल्याला जेवायला वाढले होते, म्हणून त्यांना दोघेही दिसले. साहित्यिकाच्या प्रत्यक्ष भेटीने भ्रमनिरास होतो, अशी एक समजूत रूढ आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात भ्रम जातो, पण निरास होत नाही. हे मराठीत फार थोड्यांना जमले.

नगर जिल्ह्याचे नाव काढले की आजच्या वाचकाला टिळक आठवत नाहीत, आठवतो तो हिवरे बाजार. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आणि शहरापासून सुमारे सतरा किलोमीटरवरच्या या गावाची कीर्ती राज्याबाहेर कधीच गेली आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर दुष्काळाने रिकाम्या होत चाललेल्या या गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे नियम स्वतःवर घालून घेतले आणि पाणी अडवले. त्याची कहाणी येथे सांगत बसत नाही. मला हवी आहे ती एकच गोष्ट. तिथे पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, भूजल किती आहे, त्यातून माणसाला आणि गुराला किती, शेताला किती, आणि म्हणून यंदा कोणते पीक घ्यायचे व कोणते नाही, हे गाव समोरासमोर बसून ठरवते. त्या बैठकीत बसायला मतदार असणे पुरते. ज्याची विहीर आहे तोही बसतो, ज्याची नाही तोही.

लेखकांच्या बैठकीत असा ताळेबंद नसतो, आणि बसण्याचा असा हक्कही नसतो. बैठक अनौपचारिक असेल तर मुळीच नाही. जितकी बैठक मोकळी तितका तिचा उंबरठा अदृश्य. निमंत्रण छापलेले असले की नाकारता येते, फुल्यांनी नाकारले. चहाचे निमंत्रण छापले जात नाही, त्यामुळे कोणाला बोलावले नाही याची नोंद कोठेच राहत नाही. मोकळेपणाची ही दुसरी बाजू रविकिरण मंडळाच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते.

१९२३ च्या सुमारास पुण्यात काही तरुण कवी दर रविवारी एकमेकांकडे जमू लागले. चहा व्हायचा, कविता वाचल्या जायच्या, त्यांच्यावर बोलले जायचे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, हे फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत. ‘यशवंत’ म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर, ‘गिरीश’ म्हणजे शंकर केशव कानेटकर. श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे कविदांपत्य. नाट्यछटांचे जनक ‘दिवाकर’, द. ल. गोखले, ग. त्र्यं. माडखोलकर आणि वि. द. घाटे. रविवार आणि चहा यांवरून मंडळाच्या नावाची गंमतही तेव्हा होत असे. त्याच वर्षी मंडळाचे ‘किरण’ निघाले. मागून ‘मधु-माधव’, ‘उषा’, ‘शलाका’, ‘प्रभा’ अशी पुस्तके येत गेली. प्रकाशकाच्या पायऱ्या न झिजवता कवींनी स्वतः एकत्र येऊन पुस्तके काढणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या मंडळींतल्या घाट्यांपाशी क्षणभर थांबतो. नगरचे ‘दत्त’ कवी, ज्यांचे अंगाईगीत महाराष्ट्रातल्या घराघरांत गेले, ते यांचे वडील. दत्त १८९९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे चोविसावे वर्ष पुरे व्हायचे होते आणि विठ्ठल दत्तात्रय चार वर्षांचा होता. त्या वयातली आठवण ती किती असणार? रविवारच्या बैठका सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९२२ मध्ये, घाट्यांनी ‘दत्तांची कविता’ संपादून प्रसिद्ध केली. जुन्या मासिकांतून आणि कागदांतून बापाच्या ओळी वेचायच्या, त्यांची जुळणी करायची, आणि त्या ओळींतून त्याची ओळख करून घ्यायची. टोपणनावामागच्या माणसाला भेटण्याची धडपड या काळात अनेकांनी केली. घाट्यांच्या वाट्याला ती अशी आली, की भेट होण्याची शक्यताच उरलेली नव्हती. पुढे त्यांनी मराठीतली काही उत्कृष्ट व्यक्तिचित्रे लिहिली. माणूस डोळ्यांसमोर उभा करण्याची ती ओढ कोठून आली असेल, याचा एक धागा मला या संपादनात दिसतो. पुराव्याने सिद्ध करण्यासारखी ही गोष्ट नाही. वाचकाने पटली तर घ्यावी.

रविकिरण मंडळाने काय केले, याची यादी पाठ्यपुस्तकांत असते. सुनीत रुळवले, गझल आणली, खंडकाव्ये लिहिली, वृत्तांची चर्चा शास्त्रशुद्ध केली. यांतली शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते. माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ १९२७ ची. मुंबई विद्यापीठाची डी. लिट. त्यांना पुढे १९३८ मध्ये मिळाली ती याच विषयातल्या कामासाठी. छंदाचे एवढे सूक्ष्म काम एकांतात होते हे खरे, पण कविता मोठ्याने म्हटली जाते आणि समोर बसलेले जाणकार कोठे अडखळले म्हणून टोकतात, अशा बैठकींत कान तयार होतो. मासिकाच्या पानावर मात्रा चुकली तर वाचक पुढे जातो. चहाच्या बैठकीत चुकलेली मात्रा सगळ्यांना ऐकू येते.

दुसरा परिणाम याहून दूरगामी आहे. यशवंत आणि गिरीश हे कविता गाऊन म्हणत, आणि मंडळाच्या काव्यगायनाचे कार्यक्रम गावोगाव होऊ लागले. मासिकातून वाचकाकडे जाणारी कविता आता कवीच्या गळ्यातून श्रोत्याकडे गेली. टोपणनावाला चेहरा मिळाला, आवाज मिळाला, पोशाख मिळाला. लोकप्रियता मिळाली यात नवल नाही. पण गाऊन म्हणायची कविता हळूहळू गाण्यासाठी लिहिली जाऊ लागते. श्रोत्यांना एका ऐकण्यात कळेल अशी ओळ, पुन्हा पुन्हा येणारे पालुपद, गळ्याला सोपे पडणारे शब्द. केशवसुतांच्या ओबडधोबड, अडवणाऱ्या, कधी कधी चक्क कर्कश ओळींची वाट या गोडव्यात बुजली. केशवसुतांना समोर श्रोता नव्हता. त्याचा तोटा त्यांनी आयुष्यभर सोसला आणि त्याचा फायदा त्यांच्या कवितेला झाला, असे माझे मत आहे.

तिसऱ्या परिणामाविषयी बोलताना थोडे कठोर व्हावे लागते. दर रविवारी ज्याच्या हातचा चहा प्यायचा त्याच्या संग्रहावर सोमवारी काय लिहायचे? बैठकीत टीका होत असेल, नव्हे झालीच असेल, पण ती बैठकीत राहते. बाहेर येतात त्या प्रस्तावना, अर्पणपत्रिका आणि एकमेकांना उद्देशून लिहिलेल्या कविता. परस्परप्रशंसेचा आरोप मंडळावर तेव्हाच झाला. तो सर्वस्वी खरा नव्हता, पण अगदी निराधारही नव्हता. परिचय आणि परीक्षण यांचे हे जुने भांडण आहे. आपल्या लहानशा साहित्यविश्वात, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला कोठे ना कोठे भेटलेला असतो, ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

त्या वेळी हे भांडण मिटवले नाही, पण चव्हाट्यावर आणले ते प्रल्हाद केशव अत्र्यांनी. १९२५ मध्ये ‘केशवकुमार’ या टोपणनावाने ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाले, आणि रविकिरण मंडळाची भाषा, तिच्यातले फार्सी शब्द, प्रेमाचे उसासे, अर्पणपत्रिकांचा थाट या सगळ्याची मराठी विडंबनाने पहिल्यांदा अशी मनमुराद थट्टा केली. टोपणनावही बघा: केशवसुतांच्या नावाचीच ती थट्टेखोर सावली. अत्रे काही परके नव्हते. तेही पुण्यातलेच, तेही कविता करणारे, गडकऱ्यांच्या सहवासात वाढलेले. ज्यांची टवाळी केली त्यांना ते रस्त्यात रोज भेटू शकत होते. म्हणून त्या विडंबनात अंदाज नाही, ऐकलेले आहे. बैठकीच्या लकबी बैठकीजवळून गेलेल्यालाच इतक्या हुबेहूब साधतात. रविकिरण मंडळावरची उत्तम समीक्षा कोणती, असे मला कोणी विचारले तर मी जाडजूड प्रबंधांआधी या लहान पुस्तकाचे नाव घेईन.

याच अत्र्यांच्या हातून दोन गोष्टी अशा झाल्या की ज्यांचा या भेटींच्या इतिहासाशी उलट्या बाजूने संबंध आहे.

पहिली ‘बी’ कवींची. नारायण मुरलीधर गुप्ते, जन्म १८७२, वऱ्हाडात सरकारी नोकरी. ‘चाफा’ लोकांच्या तोंडी झाला तरी तो लिहिणारा कोण, हे पुष्कळ वाचकांना माहीत नव्हते. बी कोणत्या मंडळात नव्हते, प्रसिद्धीच्या वाटेला जात नव्हते. केशवसुतांचे ते जवळजवळ समकालीन, पण त्यांचा पहिला संग्रह ‘फुलांची ओंजळ’ निघाला तो १९३४ साली, वयाच्या साठीनंतर, आणि त्याला प्रस्तावना अत्र्यांची. चहाच्या बैठकीवर हसलेल्या माणसाने बैठकीत कधीच न बसलेल्या माणसाला वाचकांसमोर आणले. एकांताने बींच्या कवितेची संख्या कमी ठेवली. ती आणखी कोणाच्या आवाजासारखी मात्र ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट जळगावची आहे, आणि ती सांगण्यासाठी १९०७ कडे परत जावे लागते. कविसंमेलन भरले त्या वेळी जळगावात चौधरी यांच्या घरी सत्तावीस वर्षांची एक शेतकरी बाई राहत होती. जवळच्या असोद्याची लेक, लग्न होऊन जळगावात आलेली. लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा मुलगा सोपान याचा जन्मही १९०७ चाच. कर्नल कीर्तिकर ज्या गावात बालकवीला नाव देत होते, त्या गावात बहिणाबाई दळत होती, पाणी भरत होती, शेतात जात होती. महाराष्ट्रातले कवी तिच्या गावी आले आणि गेले. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. मासिकात कविता नाही, टोपणनाव नाही, मग निमंत्रण तरी कोणत्या पत्त्यावर जाणार? मासिकांच्या पानांनी कवींची जी बिरादरी उभी केली होती तिच्यात शिरण्यासाठी आधी अक्षर हवे होते, आणि अक्षर तर शाळेने द्यायचे असते. फुल्यांचा १८८५ चा प्रश्न येथे कोणी कोणाला न नाकारताही जसाच्या तसा उभा राहतो.

बहिणाबाई जात्यावर आणि शेतात ओव्या रचत, म्हणत. सोपानदेव मोठे झाले, स्वतः कवी झाले, त्यांच्या कविता छापून येऊ लागल्या. ते आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी हे बहिणाबाईंच्या ओव्या अधूनमधून कागदावर उतरवीत. म्हणजे घरातच एक कवी छापील जगात होता आणि एक जात्याशी, आणि दोघांमध्ये एक हस्तलिखित वही. १९३६ मध्ये मराठी साहित्य संमेलन जळगावला भरले. अध्यक्ष होते रविकिरण मंडळाचे माधव जूलियन, मराठी छंदाचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. ओवीच्या ओघवत्या चालीवर जिचे असाधारण प्रभुत्व होते ती बाई त्याच गावात होती. आता तिचे वय छप्पन्न.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. जळगावातल्या त्या पहिल्या कविसंमेलनाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.